आधी काय झालं?

कुठलीही तक्रार आली की प्रशिक्षणाच्या बाई चपला काढून मुलांच्या बाकावर मांडी घालून बसत आणि विचारत, "आधी काय झालं?"

दर शनिवारी त्या कामरेजहून आमच्या नवागामच्या मराठी शाळेत येत. त्रास देणाऱ्या मुलांना कसं सांभाळायचं, हे आम्हा शिक्षकांना शिकवायला. तुम्ही शिक्षक असाल तर प्रशिक्षणात आपण काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मागे बसून वह्या तपासतो. बाई मात्र वहीत दोन रकाने आखायला लावत, 'काय केलं' आणि 'आधी काय झालं'. पहिला आमचा भराभर भरे. दुसरा कोरा.

"बाई, ही चाळीस पोरं तुम्हीच सांभाळून दाखवा," आमचे एक सर म्हणाले.

"द्या की. पण चहाला पळायचं नाही. मागे बसून बघायचं."

माझी तक्रार सहावीतल्या एका मुलीची. मी फळ्यापुढे उभी, आणि ती भर वर्गात ओरडली, "बाई, माले दिसत नही, सरका ना!" हे रोजचंच. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. असलं ऐकून घेणारी नव्हते. लेखी तक्रार दिली. सोमवारी दाखला काढून न्या, असं मुख्याध्यापकांनी तिच्या वडिलांना कळवलं.

शनिवारी बाई दिवसभर तिच्याशेजारी बसल्या. मग मला म्हणाल्या, "ती ओरडत नाही गं. आईचे कान कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेलेत. घरी एवढ्याच आवाजात बोलावं लागतं तिला."

माझ्या वडिलांचे कानही लूमवरच गेलेत. मी मान खाली घातली.

"सोमवारी मी येते. दाखला थांबवू."

रविवारी बाईंचं हृदय बंद पडलं. सोमवारी सकाळी आम्ही कामरेजला स्मशानात होतो. मुख्याध्यापकही होते. म्हटलं, परतल्यावर बोलू. तोवर इकडे क्लार्कने सही झालेला दाखला वडिलांच्या हातात दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या घरी गेले, तर खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, "कडोदऱ्याला गेले. पोरीला कारखान्यात दोऱ्याच्या बॉबिन भरायला लावणार म्हणे."

आता शनिवारी कोणी येत नाही. माझ्या वहीतला दुसरा रकाना भरलाय. 'मी तक्रार लिहिली.'

रविवारी कडोदऱ्याला जाते. एकेका कारखान्याच्या दारात उभी राहून तिचं नाव घेते. आत लूमच्या आवाजात कुणी मान वर करत नाही. मग ओरडते, घरी वडिलांशी बोलते तशी.