दातानं ऐकणारा वांगेवाला

मत्सर करायचा तर माणसानं मनापासून करावा. मी असा एकदाच केला, तोही अनसिंगच्या एका वांगेवाल्याचा.

पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल. वाशीमला मी एका निवृत्त ओव्हरसियरसाहेबांचा ड्रायव्हर होतो. साहेबांची सगळी नोकरी रस्त्याच्या कामांवर, तंबूत गेलेली. निवृत्तीनंतर त्यांना पक्क्या घरात झोप येईना. म्हणून त्यांनी लिलावात जुनी रुग्णवाहिका घेतली. आत दोन फळ्यांचे पलंग बसवले, बायकोसाठी, म्हणजे आमच्या बाईंसाठी, स्टोव्हची पेटी केली, खिडक्यांना लोखंडी नळीवर फुलाफुलांचे पडदे लावले. गाव तिला घरगाडी म्हणायचं. दिवाळी झाली की या घरगाडीतून थेट कन्याकुमारी, आणि चालवणार मी. मी तोवर अकोल्यापलीकडं काही पाहिलं नव्हतं. समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातला निळा रंग, एवढीच आमची ओळख.

गाडी म्हातारी, त्यामुळं बोलकी. कुईं झालं की मी म्हणायचो, पंख्याचा पट्टा. फडफड झाली की सायलेन्सर ढिला. साहेब लोकांना सांगत, "डॉक्टरले नळी लागते, याले तेबी नाइ लागत." मी लाजून मान खाली घालायचो, म्हणजे त्यांनी आणखी एकदा म्हणावं.

दसऱ्याआधी नवाच आवाज सुरू झाला. हळू चालवली की चिमणीसारखी चिवचिव, वेग दिला की खालून ठक्. मी छातीठोकपणे चाकाचं बेअरिंग सांगितलं. चाक काढलं, ग्रीस भरलं, चाक बसवलं. चिमणी गातच राहिली.

अशात एका सकाळी अनसिंगजवळ एक माणूस वांग्यांच्या दोन टोपल्या घेऊन वाशीमच्या बाजाराला निघालेला दिसला. हिरवीगार वांगी पाहून बाईंनी गाडी थांबवली आणि त्याला आत घेतलं. तो खालीच, टोपल्यांना टेकून बसला. दोन मैलांनी म्हणतो, "बाप्पा, गाडीचं मधलं हाड दुखून राह्यलं."

"तुमाले काय कळते गाडीतलं?" मी मागं न पाहता म्हणालो. त्यानं उत्तरच दिलं नाही. मला वाटलं, गर्विष्ठ आहे.

मग त्यानं टोपलीतून वीतभर पऱ्हाटी काढली, म्हणजे कपाशीच्या झाडाची वाळकी काडी. तिचं एक टोक गाडीच्या तळाला लावलं, दुसरं दातात धरलं, आणि चालत्या गाडीत पालथा पडून इंच इंच सरकू लागला. पलंगाखाली, स्टोव्हजवळ, मग मधोमध. तिथं थांबला. "इथी. क्रॉस गेला."

क्रॉस म्हणजे मागच्या चाकांकडं जाणाऱ्या दांड्याचा सांधा. दुसऱ्या दिवशी मी तो उघडला. आतल्या बारीक सुयांचं गंजून लाल पीठ झालं होतं. ते पीठ बोटावर घेऊन मी बराच वेळ बसलो. एवढं सुंदर निदान दुसऱ्याचं असावं, याच्यासारखं दुःख नाही.

पंधरा वर्षं मळ्यातल्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाशेजारी काढून त्यानं ही विद्या कमावली होती. आता तो दर बाजाराला आमच्याच गाडीतून येऊ लागला. बाई त्याला कपबशीत चहा द्यायच्या, मला पेल्यात. आणि एक दिवस साहेबांनी त्याला समोरासमोर विचारलं, "भाऊ, तुमाले गाडी चालोता येते?"

"ट्रॅक्टर चालोतो."

"मंग चला ना कन्याकुमारीले. गाडी म्हातारी हाये, वैद्यच चालवणारा असला तं बरं."

माझा निळा रंग क्षणात पुसला गेला. त्या दुपारी मी गुपचूप पऱ्हाटी दातात धरून इंजिनाला लावली. ऐकू आला तो फक्त माझ्या हिरडीचा ठणका.

मग मी पडद्याच्या नळीत दोन चिंचोके सोडले.

पुढच्या बाजाराला वळणावळणावर खुळखुळ. बाई कानांवर हात दाबून बसल्या. त्यांनी सांगितल्यावर वांगेवाल्यानं गाडीचा सगळा तळ दातानं तपासला आणि सांगितलं, "आवाजच नाइ. गाडी ठणठणीत हाये." तो हे बोलत असतानाच डोक्यावर खुळखुळलं.

साहेब त्याच्या पाठीमागून म्हणाले, "भाऊ, हे काय वाजून राह्यलं मंग?" त्यानं वळूनही पाहिलं नाही.

तेव्हा आम्हा तिघांना एकदमच कळलं. त्याचे कान त्या इंजिनानं खाल्ले होते. इतके दिवस तो आमच्या तोंडांकडं पाहून बोलणं समजून घेत होता. मला शरम वाटायला हवी होती. वाटलीही, पण आधी एक वळणभर मी आनंदात होतो.

बाई मात्र म्हणाल्या, "त्याले कान नसून क्रॉस सापडला. अन् याले दोन कान असून बेअरिंग सांगते." आणि त्याची बशी पुन्हा भरली.

चहा पिताना त्याची नजर थरथरणाऱ्या पडद्यावर गेली. तो उठला, पऱ्हाटी नळीला लावली, वळणभर तसाच उभा राहिला. मग माझ्याकडं पाहत बसला. बाजारात टोपल्या उतरवताना हळूच म्हणाला, "चिंचोके हायेत, नाइ का?"

मी मान हलवली.

"कायले?"

"मले समुद्र पाहाचा हाये."

तो हसला. "मंग सांगाचं ना लेका. दिवाळीनंतर माया वांग्याचा तोडा. मी कायले जातो तुया समुद्राले?" त्यानं जाऊन साहेबांना नाही म्हटलं आणि पऱ्हाटी माझ्या हातात दिली. "पुढच्या दातानं नको धरू. दाढेनं धर."

समुद्र पाहिला. मी तोंड उघडं टाकून उभा असताना बाई शेजारी येऊन म्हणाल्या, "ते भाऊ असते तं त्यायनं वाळूत काडी रोवून समुद्र ऐकला असता." तीन दिवस मी त्यांच्या हातचा चहा घेतला नाही.

परतल्यावर गाडी घेऊन थेट त्याच्या मळ्यात गेलो. लाटा, नारळ, सूर्य, सगळं हात हलवून सांगितलं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मधेच उठला आणि गरम बॉनेटवर तळवा ठेवला.

"येताना तिसऱ्या गिअरात भुणभुण करत असंन."

गेले दोनशे मैल करत होती. साहेबांना मी रस्ता खराब आहे म्हणून सांगितलं होतं.

त्यानं पऱ्हाटीसाठी हात पुढं केला. ती माझ्या आतल्या खिशात होती. "कन्याकुमारीले हरपली," मी म्हणालो.

त्यानं माझं तोंड नीट वाचलं. मग वाकून कुंपणातून दुसरी काडी उपसली.