क्लाइनबाखचा पहाटेचा बँड

फुंकायच्या वाद्यात वाजवता वाजवता पाणी साचतं. तोंडची वाफच ती. अर्ध्या तासाने खालची कळ दाबून ते सांडावं लागतं, नाहीतर सूर गुरगुरायला लागतो. माझ्या पोटात किस्स्यांचं तसंच झालंय! मी मुळात कमी बोलणारा माणूस, आणि बोललो तरी सावकाश. बायको होती तेव्हा म्हणायची, "तुमचं एक वाक्य संपेपर्यंत माझा भात शिजतो." पण क्लाइनबाखच्या बँडचे किस्से आता पोटात मावत नाहीत. कळ दाबतोच.

क्लाइनबाख हे साऊथ ऑस्ट्रेलियातलं, द्राक्षमळ्यांच्या मधोमध वसलेलं जर्मन गाव. एक चर्च, एक हॉल, एक बेकरी. माझी मुलगी लीना इथल्या एज्ड केअरमध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांच्या घरात, नर्स आहे. मी वसईहून तीन महिन्यांसाठी आलो आणि कोरोनाने बॉर्डर बंद झाल्या. पण बँड मला त्याच्या आधीच सापडला होता!

* * *

एकदा आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारनंतर, फिरायला निघालो होतो. हॉलमधून पितळी वाद्यांचा आवाज आला आणि माझे पाय तिथेच थांबले. वसईत चाळीस वर्षं मी लग्नाच्या बँडमध्ये बास वाजवलाय. बास म्हणजे मांडीवर बाळासारखा धरायचा तो मोठा पितळी भोंगा. दारात उभा राहून ऐकत होतो, तर बँडमास्तर व्हर्नर बाहेर आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, द्राक्षवाला, उंच.

"काय वाजवतोस, मेट?"

"बास."

आतले सगळे कोपऱ्यातल्या एका रिकाम्या खुर्चीकडे बघायला लागले. खुर्चीवर बास ठेवलेला होता. तो एल्साचा. पन्नास वर्षं तिने तो वाजवला. नवीन वर्षाला तिची कंबर मोडली आणि ती लीनाच्या एज्ड केअरमध्ये गेली. तेव्हापासून बँडला पायाच नव्हता.

या गावाचा एक रिवाज आहे. ऐंशी पूर्ण केलेल्या प्रत्येकाच्या वाढदिवसाला बँडने पहाटे सहाला खिडकीखाली उभं राहून तीन ट्यून वाजवायच्या. पहिल्या दोन ट्यूनना वाढदिवसवाल्याने झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचं आणि तिसरीला खिडकी उघडायची. बोटीतून पहिली माणसं उतरली तेव्हापासून यात खंड नाही. एल्सा प्रत्येक खिडकीखाली उभी राहिली होती. जाताना व्हर्नरला म्हणाली होती, "ऑगस्टमध्ये माझी नव्वदी. मी सगळ्यांसाठी उभी राहिले. माझ्या खिडकीखाली बासशिवाय आलात तर मी उघडणार नाही!"

व्हर्नरने मला हाताला धरून त्या खुर्चीवर बसवलं. नाव नंतर विचारलं!

* * *

मी चौथीपर्यंत शिकलो. नोटेशन मला वाचता येत नाही. वसईत आम्ही सगळं कानाने उचलायचो. इथे मात्र प्रत्येकासमोर आजोबांच्या हातची, जाड अक्षरांची जर्मन वही. लाज वाटली म्हणून मीही एल्साची वही समोर ठेवली आणि वेळेवर पानं उलटत राहिलो.

तीन आठवडे झाले. एके दिवशी कॉर्नेट, म्हणजे छोटी तुतारी, वाजवणारी ट्रुडी माझ्यामागून कॉफी घेऊन जात होती. ती थांबली. ट्रुडी म्हणजे गावची रिटायर झालेली पोस्टमास्तरीण, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"व्हर्नर, पास्कलची वही उलटी आहे."

मला वाटलं, संपलं! व्हर्नर आला, वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"उलटीच राहू दे," तो म्हणाला. "एल्सा सुलटी ठेवून इतकं बरं वाजवत नव्हती. पण तिला सांगू नकोस!"

* * *

यांचे पूर्वज आले ते प्रार्थनेसाठी. तिकडचा राजा म्हणाला, मी सांगतो तशी प्रार्थना करा. हे म्हणाले, नाही करणार. पाद्री, सुतार, म्हातारी माणसं, सगळं गाव एका बोटीत बसलं. बोटीतून उतरताना कुणाच्या हातात बायबल, कुणाच्या हातात द्राक्षाच्या काड्या. व्हर्नरच्या पणजोबाच्या हातात फक्त एक शिंग! त्याची बायको शेवटपर्यंत म्हणत होती, "सगळे संसार घेऊन उतरले, आमचे हे आवाज घेऊन उतरले."

पहिल्या महायुद्धात सरकारने गावांची जर्मन नावं बदलली; या गावाला आपलं नाव पुढे परत मिळालं. जर्मन बोलणाऱ्यांवर नजर होती. अशात एका म्हातारीची ऐंशी आली. बँड पहाटे जमला आणि पोलीसही जमला!

"हे जर्मन गाणं आहे का?" पोलिसाने विचारलं.

तेव्हाचा बँडमास्तर म्हणाला, "साहेब, आज आम्ही गात नाही, नुसतं फुंकतोय. फुंकर कुठल्या देशाची ते तुम्हीच ऐकून ठरवा."

पोलीस वही काढून उभा राहिला. पहिली ट्यून झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. खिडकी उघडली, म्हातारीने हात हलवला. पोलिसाने वहीत काहीतरी लिहिलं, पान फाडलं आणि बँडमास्तरच्या हातात दिलं. सगळ्यांचे चेहरे पडले.

पानावर त्याच्या आईचा पत्ता आणि वाढदिवस होता!

* * *

ट्रुडी द्राक्षाच्या रसात साबुदाणा शिजवून लालभडक पुडिंग करते. वर घट्ट क्रीम. मी पहिल्यांदा वाटीत डोकावलो आणि उडालोच! जर्मनांच्या घरात साबुदाणा!

मी म्हटलं, "ट्रुडी, वसईत माझ्या शेजारच्या वहिनी हाच साबुदाणा उपासाला खायच्या. दाण्याचं कूट, बटाटा आणि वर तूप घालून."

"उपासाला? म्हणजे हे खाल्लं तर उपास मोडत नाही?"

"त्यांचा नाही मोडत."

तेव्हा ईस्टरच्या आधीचे दिवस चालू होते आणि ट्रुडीने गोड सोडलेलं. पुढच्या बुधवारी प्रॅक्टिसला आली ती पातेलं घेऊनच! व्हर्नर म्हणाला, "अगं, तू गोड सोडलंयस ना?"

"गप्प बस," ट्रुडी तिसरी वाटी भरत म्हणाली. "आज माझा इंडियन उपास आहे!"

* * *

लॉकडाऊन लागला. व्हर्नर कुंपणापलीकडे उभा राहून गप्पा मारायचा. लीनाने मला भारतातला व्हिडिओ लावून दिलेला, तो मी त्याला लांबूनच दाखवला. गॅलऱ्यागॅलऱ्यांतून माणसं थाळ्या, डबे, झाकणं बडवतायत. नुसता दणदणाट!

आता या गावात नवीन लग्न झालं की सगळे नवराबायकोच्या घराबाहेर जमून डबे आणि घमेली बडवतात. जोडपं बाहेर येऊन खायला घालेपर्यंत थांबत नाहीत. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

व्हर्नरने व्हिडिओ नीट बघितला. पुन्हा लावायला सांगितला. मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला,

"अरे पास्कल, एवढ्या सगळ्यांची लग्नं एकाच दिवशी लावलीत? जेवण कोण घालणार?"

* * *

हॉल बंद झाला म्हणून आम्ही मळ्यात प्रॅक्टिस करू लागलो. वेलींच्या दोन ओळींत कोरोनात सोडायचं तेवढंच अंतर, एका ओळीत एक माणूस. मी एका ओळीत, ट्रुडी दुसरीत, व्हर्नर मधे. ढोलवाला क्लाउस ऐकायला कमी, त्याला पार टोकाला ठेवलेला. आम्ही संपवून वाद्यं पुसायला घेतली तरी मळ्याच्या टोकाहून ढोल चालूच!

पण मन लागत नव्हतं, कारण ऑगस्ट जवळ येत होता. एज्ड केअरला बाहेरचं माणूस बंद, फुलं बंद, खिडक्यांनासुद्धा कुलूप. एल्सा रोज व्हर्नरला फोन करायची. "येणार ना?" एवढंच विचारायची. पुढे पुढे तेही विचारेनाशी झाली. तेव्हा व्हर्नरच घाबरला.

मी घरी लीनापुढे विषय काढला. एज्ड केअरवरून येताना तिच्या गालांवर मास्कचे वळ असायचे. माझं वाक्य संपायच्या आत तिने हात वर केला.

"डॅडी, नो. एक माणूस आजारी पडला तर आख्खी विंग जाईल. तुम्ही गेटच्या आत पाऊल टाकलंत तर मी स्वतः तुमचा रिपोर्ट करीन. मुलगी म्हणून नाही, नर्स म्हणून."

ती खोटं बोलत नाही. आईवर गेलीय.

मी व्हर्नरला सांगितलं. तो म्हणाला, "गेटच्या आत नको ना? ठीक. तिच्या खिडकीमागे कुंपण आहे, आणि कुंपणामागचा मळा माझ्या चुलतभावाचा!"

* * *

तो दिवस उजाडला. इथे ऑगस्टमध्ये हिवाळा, थंडी अशी की पितळ ओठांना चिकटत होतं. आम्ही चौघं मळ्यात, चार ओळींत उभे. समोर कुंपण, मग थोडं गवत, मग खिडक्यांची लांब रांग. सगळे पडदे बंद. चर्चच्या घड्याळात सहा वाजले. व्हर्नरने मान हलवली.

पहिली ट्यून झाली. दुसरी झाली. पडदा हलला नाही. हलायचाही नव्हता, रिवाजच तसा. तिसरी सुरू केली. माझी छाती बासपेक्षा मोठ्याने वाजत होती. तिसरी अर्धी झाली आणि पडदा सरकला!

व्हीलचेअरमध्ये एल्सा. पांढरे केस विंचरलेले, अंगावर बँडचा जुना कोट. पण ती कानामागे हात धरून मान हलवत होती. पडदा तिने घड्याळ बघून सरकवला होता, कुलूपबंद काचेतून तिला काही ऐकूच येत नव्हतं! तिसरी ट्यून संपत आली आणि तिच्यासाठी एकही वाजली नव्हती.

तेवढ्यात तिच्यामागे लीना आली. गाऊन, मास्क, चष्मा. तिने खिडकीतून मला बघितलं. मी बघितलं तिला. वाजवणं थांबवलं नाही, थांबवलं असतं तर रडलो असतो. लीना आत वळली. मला वाटलं, गेली रिपोर्ट करायला.

ती किल्ली घेऊन आली. एल्साची खुर्ची मागे घेतली, खिडकी उघडली.

"पुन्हा पहिल्यापासून!" व्हर्नर ओरडला, आणि आम्ही तीनही ट्यून परत वाजवल्या. शेवटचा सूर संपला तसा आतून एल्साचा आवाज आला, अगदी खणखणीत.

"बासवर कोण आहे रे? नव्वदीला आलाय की कुणाच्या लग्नाला?"

ट्रुडी कॉर्नेटमध्येच हसली! व्हर्नरने टोपीने डोळे पुसले. आम्ही वाद्यं आवरायला घेतली, एवढ्यात बाजूच्या काचेवर टकटक झाली. पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातला एक आजोबा हातवारे करत होता. लीनाने त्याचीही खिडकी उघडली.

"मी या गावचा नाही," तो म्हणाला, "पण माझाही आजच वाढदिवस आहे!"

व्हर्नरने विचारलं, "किती झाली?"

"शहाऐंशी!"

आम्ही वाजवलं. ते संपायच्या आत पलीकडची इटालियन आजी काच वाजवायला लागली. तिचाही आजच! तिच्या पलीकडच्या दोघी बहिणींचाही आजच! ओळीने खिडक्या उघडत गेल्या आणि त्या सकाळी त्या विंगमधल्या अकरा जणांचा वाढदिवस निघाला! माझे ओठ सुजले. क्लाउस एकदाही चुकला नाही.

अकराव्या वाढदिवसाचं वाजवून संपलं तेव्हा ऊन वर आलं होतं. रांगेतली शेवटची खिडकी नर्सरूमची. ती उघडली. लीना उभी होती. तिने मास्क हनुवटीखाली ओढला. किती महिन्यांनी मी तिचा चेहरा तिच्या कामाच्या जागी बघत होतो.

"डॅडी," ती म्हणाली, "माझाही आजच आहे."

व्हर्नरने माझ्याकडे बघितलं. "खरंच?"

लीना नाताळच्या आठवड्यातली.

मी बास पुन्हा कवेत घेतला.