आईचं ऑपरेशन आणि आबांचं ऑपरेशन

राजारामपुरीत आमची पिठाची गिरणी होती. दळणाचे डबे माझे वडील, म्हणजे आबा, उचलायचे, तसे आईही उचलायची. नव्वदच्या दशकात दोघांनाही एकाच वर्षी जांघेत हर्निया झाला.

आधी आबांचं ऑपरेशन झालं. थोड्याच दिवसांत ते गिरणीत बसून गिऱ्हाइकांना त्याची कथा रंगवून सांगू लागले. मग आईचं झालं. जखम छान भरली, पण दुखणं जाईना. दिवाळी आली तरी ती मांडी दाबत दाबत फराळ करत होती. डॉक्टरांनी परत गोळ्याच दिल्या. शेजारीण म्हणाली, "बायकांचं अंगच नाजूक."

आई भडकली. "नाजूक? ह्याच अंगानं तीन बाळंतपणं काढल्यात! दुखतंय म्हंजे आत काहीतरी हाय."

"माझं बघ की, ठणठणीत हाय," आबा म्हणाले. आईनं पायात चपला घातल्या आणि दुसऱ्या डॉक्टरकडं न्यायला सांगितलं. आबा रिक्षा घेऊन आले.

दुसऱ्या दवाखान्यातल्या सर्जनबाईंनी आईला उभं करून खोकायला लावलं आणि जुन्या टाक्यांच्या खाली, मांडीच्या मुळाशी बोट ठेवलं.

"हा वेगळाच हर्निया आहे. इथला हर्निया पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, आणि वरचा शिवताना हा नजरेतून सुटतो. ऑपरेशननंतर दुखण्याची तक्रारही बायकांचीच जास्त असते. तुम्ही गप्प बसला नाहीत ते फार बरं केलंत. आतडं अडकलं असतं."

परत ऑपरेशन म्हणजे मला रडूच येत होतं. आई मात्र पेढा मिळाल्यागत हसली. आबांना म्हणाली, "ऐकलासा? उगंच दुखतंय व्हय?"

"चुकलं बाई," आबा म्हणाले, तेही सर्जनबाईंच्या देखत.

ते ऑपरेशन नीट झालं. आबांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. त्यांच्या झुणक्यातल्या तिखटजाळ लाल चटणीनं आमच्या डोळ्यांना धारा लागायच्या, आणि आई पोट धरून म्हणायची, "हसवू नगासा, टाकं तुटतील!" दुखणं हळूहळू ओसरलं. आता सगळी कामं करा, असं सर्जनबाईंनी सांगितलं.

रंगपंचमीला आईनं रंगाची भरलेली बादली उचलली, थेट गिरणीत शिरली आणि आबांच्या डोक्यावर ओतली. पिठानं पांढरे झालेले आबा क्षणात गुलाबी कणकेचा गोळा झाले. दळणाला आलेली माणसं डबे घेऊन पळाली.

"अगं, भरलेली बादली उचललीस!" आबा ओरडले.

"उचलली की," आई म्हणाली. "आणखी एक आणू?"