पंधरा गुणांचं उत्तर

माझ्या बापाला वाचता येत नव्हतं, पण अभ्यास ऐकता येत होता. आमच्या घरात माग होता. बाबा लुगडं विणायला बसले की मी समोरच्या भिंतीला टेकून मोठ्यानं वाचायचं, हा त्यांचा नियम. मागाच्या खटखटीवर माझा आवाज चढला पाहिजे. जरा थांबले की ओरडत, "काहून थांबली वं? झोपली काय?" मनातल्या मनात वाचण्याला अभ्यास म्हणतात हे त्यांना मरेपर्यंत पटलं नाही. म्हणून मी बी.ए. केलं ते ओरडून केलं. आमच्या गल्लीतल्या म्हशीसुद्धा मराठीच्या पेपरात पास झाल्या असत्या.

ताईनंही तो सगळा पेपर ऐकला. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. चौथीतून तिची शाळा सुटली, सोळाव्या वर्षी उमरेडला एका विणकराच्याच घरी तिला दिली. मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा ती दिवाळीला माहेरी आली आणि परत जायचं नाव काढेना. संक्रांत गेली तरी ती आमच्याकडेच. मायला वाटे, सासूशी खटकलं असेल, होईल शांत. ताई दिवसभर चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसे आणि माझं वाचन ऐके.

आम्हाला अभ्यासाला एक जुनी कादंबरी होती. सरदारघराण्यातल्या एका सुनेची गोष्ट. नवरा संशय घेतो, तिला मागच्या खोलीत कोंडतो, ती बारा वर्षं तिथं काढते. शेवटी ती मरणपंथाला लागते तेव्हा नवऱ्याला पश्चात्ताप होतो आणि तो तिच्या पाया पडतो. आमचे सर वर्गात टिपण सांगत, आम्ही उतरवून घेत असू. 'नायिकेचे स्वभावचित्रण करा,' पंधरा गुण. हा प्रश्न दरवर्षी येई. सरांच्या टिपणाप्रमाणे नायिका सोशीक, सोसणं हीच तिची ताकद, आणि सोसणाऱ्याचाच शेवटी नैतिक विजय होतो, हा कादंबरीचा मध्यवर्ती विचार. हे मी दिवसातून तीनदा म्हणत असे.

एके दुपारी चरखा थांबवून ताई म्हणाली, "मले एक सांग. बारा वर्षं ते जेवत काय होती?"

"म्हणजे?"

"कोंडून ठेवलं होतं ना? मंग ताट कोन देत होतं?"

मी पान उलटून पाहिलं. एक म्हातारी दासी रोज ताट नेऊन देई, असं एका ओळीत होतं.

"मंग दार रोज उघडत होतं ना वं," ताई म्हणाली. "तवा ते निघून काहून नाही गेली?"

"तसं विचारायचं नसतं," मी म्हटलं. "ते तिच्या स्वभावात नव्हतं."

"स्वभाव कशाचा! तिले जायला जागा नसन." चरख्याला नवी कांडी लावत ती म्हणाली, "माहेर नव्हतं का तिले?"

माहेराबद्दल कादंबरीत एक अक्षर नव्हतं. आमच्या सरांना, त्यांच्या आधीच्या सरांना, गाइड लिहिणाऱ्यांना, कोणालाच हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो एका चौथी नापास बाईनं विचारला. आज माझ्या वर्गात कोणी असा प्रश्न विचारला असता तर मी त्याला डोक्यावर घेऊन नाचले असते. तेव्हा मात्र मी वैतागले. "ताई, तुले समजत नाही त्यात कशाला पडतं? मले पाठ करू दे."

मागावरून बाबा ओरडले, "आवाज कुठी गेला?" मी पुन्हा सुरू झाले.

त्यानंतर आठेक दिवसांनी बाबा तयार लुगडी घेऊन गांधीबागेच्या बाजारात गेले होते, माय नळावर होती. ताईनं चोळीचा बंद सोडून मला पाठ दाखवली. नवऱ्यानं धोट्यानं मारलं होतं. मागावर सूत इकडून तिकडे नेतो तो लाकडी धोटा, त्याची टोकं लोखंडी असतात. काही वळ जुने होते, काही दिवाळीच्या तोंडावरचे.

"मायले नोको सांगू," ती म्हणाली. "ते रडन अन् काही करणार नाही. बाबाले तू सांग. माहं कोनी आयकत नाही. तुहं आयकतात."

ते खरं होतं. घरात कॉलेजात गेलेली मी एकटी. किराणा कोणत्या दुकानातून आणायचा इथपासून बाबा मला विचारत.

"परीक्षा होऊ दे," मी म्हटलं. "मंग सांगते, तुही शप्पथ."

परीक्षेला एकवीस दिवस होते. ताई बरं म्हणाली. एकवीस दिवस काय, तिनं आठ वर्षं काढली होती.

पण उमरेडवाले आधीच आले. परीक्षेला अकरा दिवस उरले असताना तिचा सासरा आणि बिरादरीतले दोन म्हातारे दारात उभे. बाबांनी सतरंजी घातली, मायनं चहा टाकला. सासरा फार गोड माणूस होता बोलायला. पोरीला पाठवा, लोक नावं ठेवून राहिले, पोरगा आता सुधरला, इत्यादी. बाबा ऐकत राहिले. त्यांना काय करावं सुचत नव्हतं, ते मला दिसत होतं. मग त्यांनी सगळ्यांसमोर मला हाक मारली.

"माह्या घरात हे एकच पोट्टी शिकलेली आहे. तिलेच विचारू. सांग वं, तुले काय वाटते? पाठवावं का नाही?"

मागच्या खोलीत चरखा चालू होता तो बंद पडला.

हे लिहिताना मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मला ती पाठ आठवत नव्हती असं नाही. पण समोर तीन पागोटेवाले म्हातारे बसलेले, बाबा अभिमानानं माझ्याकडे पाहताहेत, आणि माझ्या डोक्यात दोन महिने एकच उत्तर घोळत होतं. त्यात एक क्षुद्र विचारही होता, तोही सांगून टाकते. नाही म्हटलं तर घरात महिनाभर रडारड चालेल आणि माझा पेपर बुडेल. मी पदर सारखा केला आणि वर्गात उत्तर द्यायला उभी राहावी तशी बोलायला लागले. तेही आपल्या बोलीत नाही, पुस्तकी मराठीत. सोसण्यात दुबळेपणा नाही, सोसणं हीच स्त्रीची खरी शक्ती. काळ जातो, माणसाला पश्चात्ताप होतो, आणि सोसणाऱ्याचाच शेवटी विजय होतो. एक मुद्दाही सुटला नाही.

"वा!" एक म्हातारा म्हणाला. "पोरगी लय हुशार आहे गा तुमची."

बाबांचे डोळे पाण्यानं भरले. मी, निर्लज्ज, खूश झाले.

ताई पिशवी भरून बाहेर आली. रडली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. मायनं तिच्या ओटीत तांदूळ घातले आणि चौघं बसस्टँडकडे गेली.

पेपरात तो प्रश्न आला. मी कॉलेजात मराठीत पहिली आले.

जूनमध्ये पेढे घेऊन उमरेडला गेले. ताई बोलताना सारखी मान वळवत होती, उजवा कान माझ्याकडे करत होती. डाव्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं. कशानं, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. सासू बाहेर गेल्यावर मी तिचा हात धरला. "चल माह्यासंग. आत्ताच. बाबाले मी सांगते, मी चुकली म्हणून."

तिनं हात सोडवून घेतला. रागानं नाही. "कोन मानन आता तुहं?" ती म्हणाली. "नवऱ्यानं मारलं का माही सासू दरखेप म्हणते, तुही शिकलेली बहीणच सांगून गेली ना, सोसण्यात ताकद आहे म्हणून. मंग काढ ताकद." मग तिनं पेढ्याचा पुडा उघडला, एक माझ्या हातावर ठेवला आणि पोह्याला कांदा चिरायला बसली.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. पाठ, धोटा, कान. त्यांनी माग थांबवला. "तवा तं तू..." एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी उमरेडला गेले आणि संध्याकाळी एकटेच परत आले. तिच्या सासऱ्यानं बिरादरीची माणसं बसवली होती म्हणे. त्या माणसांनी बाबांना माझंच भाषण ऐकवलं, जवळजवळ सगळंच्या सगळं. पुन्हा बाबांनी मला काही विचारलं नाही. घरात कोणत्याच गोष्टीचा सल्ला विचारला नाही. मी मनातल्या मनात वाचू लागले, तरी ते ओरडले नाहीत.

ताई त्यानंतर दोन वर्षं जगली. पावसाळ्यात ताप आला, दवाखान्यात नेलं नाही, आठव्या दिवशी गेली. मी तेव्हा एका कॉलेजात नुकतीच शिकवायला लागले होते.

तेरवीला आम्ही तिघं उमरेडला गेलो. जेवणं आटोपल्यावर लोक मांडवात बसले. सासरा उठला, सुनेनं शेवटपर्यंत कसं निमूट सोसलं ते त्यानं सांगितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही आता प्रोफेसर झाल्या. तिच्याबद्दल दोन शब्द बोला."

मी उभी राहिले. या खेपेला मी आमच्या बोलीत बोलले.

"तिले सोसायचं नव्हतं," मी म्हटलं. "तिले माहेरी राहायचं होतं. बाबाले सांग म्हणून तिनं मले पाठ दाखवली होती. तुम्ही न्यायले आले त्याच्या आधी. मले मालूम होतं."

सासऱ्यानं कोणाला तरी चहा आणायला सांगितलं. बाबा जमिनीकडे पाहत बसले. बायकांच्या घोळक्यातून माय उठली, माझ्यापर्यंत आली. तिला त्या पाठीचं आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही, बाबांनीही नाही.

"मी होती ना घरात तवा," ती म्हणाली. "तांदूळ घालून राहिली होती मी तिच्या ओटीत. तवा काहून नाही बोलली वं?"