भरतीला घेतलेलं पाणी

नामदेवने उभ्या आयुष्यात होडी चिखलात रुतू दिली नाही. पाम गावाजवळच्या खाडीत भरती चढली की होडी लोटायची, पाणी उतरायच्या आत काठाला लावायची. ओहोटीला होडी काढणारा एकतर परगावचा, नाहीतर मूर्ख, असं तो म्हणायचा.

त्याची बायको जमना ओहोटीची. पाणी उतरलं की ती गुडघाभर चिखलात शिरून निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, आणि चिंबोऱ्या धरायची, टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. पण कारखान्यांकडून येणारा नाला खाडीला मिळतो तिथलं पाणी तांबूस झालं आणि मासळीला औषधाचा वास यायला लागला. गिऱ्हाईक टोपलीवर वाकायचं, नाक मुरडून पुढे जायचं. भरलेली टोपली घरी परत यायची.

गावाने अर्जांवर अर्ज केले. शेवटी पाणी तपासायला प्रयोगशाळेचा माणूस येणार असं ठरलं. नमुना वाईट निघाला तर नाला बंद करायला लावता येईल, एवढीच आशा. होडी नामदेवची ठरली.

प्रयोगशाळेचा सुजित आला तेव्हा जमना बाजारात होती.

"काका, कधी निघायचं?"

"भरती चढू दे. च्या घे तवर."

नामदेवने होडी अलगद नाल्याच्या तोंडाशी नेली आणि वल्हं रोवून धरली. सुजितने बाटली पाण्यात तिरपी बुडवली, बूचही पाण्यातच बसवलं.

"हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा खोटा येतो."

"कसला आकडा?"

"पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा. मासे त्यावर जगतात. घाण वाढली की तो संपतो."

माणूस नेटका काम करतो, हे नामदेवला आवडलं. त्यानेही होडी तसूभर हलू दिली नाही.

अहवाल आला. पाणी ठीक.

ग्रामपंचायतीत तो वाचून दाखवला, तशी माणसं उठून घरोघर गेली. घरी जेवताना जमनाने विचारलं, "त्याचे बूट भिजले व्हते काय?"

"नाय. एक थेंब नाय."

"मग त्यानं आपली खाडी बघितलीच नाय. तुमी त्याला समुद्राचं पानी भरून दिलंत."

नामदेवच्या हातातला घास तसाच राहिला. भरतीला आत येतो तो समुद्र; नाल्याचं खरं पाणी ओहोटीलाच उघडं पडतं. हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्याने सुजितला फोन करून हे सांगितलं.

"काका, तेव्हाच बोलायचं होतं."

"तू तरी कुठं विचारलंस?"

"चुकलंच माझं. आता पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणीची पाळी. वर्ष तरी जाईल."

जमनाने टोपली बदलली. आता ती सातपाटी बंदरावरून दुसऱ्यांची मासळी विकत आणते आणि विकते.

नामदेव ओहोटीला घराबाहेर पडतो. जुन्या होडीच्या फळ्या खांद्यावर नेऊन काठापासून नाल्याच्या तोंडापर्यंत चिखलात आडव्या बसवतो. भरती त्यातल्या काही उचलून नेते. त्या शोधून तो पुन्हा बसवतो. पाणी तपासायला पुढचा माणूस येईल त्याला ओहोटीत या फळ्यांवरून चालत नेणार.

"त्या दिवशी त्याला चिखलात घातलं असतंत," जमना काठावरून म्हणते, "तर ही हमाली वाचली असती."

"व्हय."

"तवर निवट्या ऱ्हातील काय?"

नामदेव पायाने फळी दाबतो. तांबूस पाणी वर येतं. तो दुसरी फळी आणायला मागे वळतो.