दावं घरीच राहतं

बैल पारखावा तर मीच, असं तेलगावच्या बाजारात अजून म्हणतात, आणि ते खरं हाय. म्हणून भाच्यानं त्याच्या दोन जुन्या विलायती मोटारींतली कोणती ठेवावी हे मला विचारलं, तवा मला नवल वाटलं न्हाई. भाच्याचा कापसाचा धंदा. वेचणी लागून कापूस आला की गोदामात एकच मोटार मावेल, असं भाचेसुनेनं बजावलं होतं. नको ती न्यायला पुण्याचा एक शौकीन दुपारी येणार होता.

भाच्यानं मोटारींवरच्या चादरी बाजूला ओढल्या आणि मी चपला दारातच काढल्या. का काढल्या, ते मलाही कळलं न्हाई.

एक हिरवी, इंग्लंडची. नाक एवढं लांब, की बसणारा पार मागच्या चाकाजवळ. दुसरी तांबडी, इटलीची, कमरेएवढीच उंच. भाचा सांगत होता, हिरवीचे सुटे भाग अजून मिळतात. तांबडीचे मिळत न्हाईत, उन्हात ती तापते, पण तशा थोड्याच बनल्या म्हणून तिला मान जास्त. माझं ध्यान कुठं होतं? हिरव्या पत्र्यावर हात फिरवत होतो. नाकापासून शेपटापर्यंत कुठं जोड लागंना. माणसाच्या हातानं हे झालं, हे पटंना.

तांबडीचं स्टेअरिंग डावीकडं होतं. मी म्हणालो, "ही जुवाच्या डाव्या खांद्याची हाय. आपल्या रस्त्याला उजव्या खांद्याची बरी. हिरवी ठेव."

"मामा, एकदा बसून तरी बघा," भाचा म्हणाला.

मी तांबडीत उजवीकडं बसलो. पुढ्यात स्टेअरिंगच न्हाई. त्यानं चावी फिरवली. गाळप चालू असताना साखर कारखान्याजवळ पायाखालची माती हलते ना, तसं झालं. पण ह्या हलण्याला सूर होता. दिंद्रुडपर्यंत गेलतो. मी सबंध वाट नसलेला ब्रेक दाबत होतो. स्टँडवरच्या हॉटेलातून एक जुना दोस्त वरडला, "काय बे, कासरा कुठं टाकलास?" मी हाताची घडी घालून ताठ बसलो.

परत आल्यावर तांबडी ठेव म्हणालो. शब्द फिरवायची मला सवय न्हाई. पण डाव्या खांद्याचा बैल वाईट, असं मी कुठं म्हणालतो?

पुण्याच्या पाहुण्याशी हिरवीचा व्यवहार ठरला. भाच्यानं चावी पुढं केली. तिला कातड्याचा एक झिजका पट्टा होता. मी चावी सोडवून दिली आणि पट्टा खिशात घातला.

पाहुणा अदबीनं म्हणाला, तो पट्टा गाडीबरोबर इंग्लंडहून आलेला हाय, त्याच्याबिगर गाडी पुरी धरत न्हाईत.

मी म्हणालो, "जनावर विकावं, दावं न्हाई. दाव्याबरोबर दावणीची बरकत जाते."

त्यानं हात जोडले. मी हललो न्हाई. मग पट्ट्याबिगर नको, असं तो म्हणाला आणि सगळे भाच्याकडं बघाया लागले. तो मघापासून हिरवीच्या नाकावर हात ठेवून उभा होता.

"मग राहू द्या," भाचा म्हणाला. पाहुणा चहा घेऊन गेला. भाचेसून मात्र नवऱ्याकडं न्हाई, माझ्याकडं बघत होती.

यंदा त्यांचा कापूस माझ्या घरात हाय, आढ्यापर्यंत. मी ओसरीत झोपतो. पट्टा खुंटीवर, बैलांच्या दाव्यांशेजारी. कुण्या इंग्रजाच्या अंगठ्यानं झिजलेला. सकाळी भाचा दोन्ही मोटारी चालू करतो. माझ्या हातातला चहा तसाच राहतो.