गणिताच्या जागी भूगोल

कापसाच्या धंद्यात मी आजवर कोणाला सहज जिंकू दिलं नाही, पण अकरावीला आमच्या वर्गाच्या सरांनी मला फसवलं ते फसवलंच.

जाफराबादच्या आमच्या कॉलेजात गणिताला शिक्षकच नव्हता. विषयांचा फॉर्म भरताना सरांनी सगळ्यांना गणिताच्या जागी भूगोल लिहायला लावला. मी विचारलं, "सर, मला इंजिनिअर व्हायचंय. चालंल ना?"

"बिलकुल चालतंय. मार्क पाड म्हंजे झालं. सही कर जल्दी."

बारावीला भूगोलात मी वर्गात पहिला आलो. गुणपत्रिका घेऊन एसटीने औरंगाबादला गेलो. इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीतल्या बाबूने ती पाहिली आणि परत सरकवली. "यात गणित न्हाई."

मी घासाघीस सुरू केली. भूगोलातले वीस मार्क कापा, तीस कापा, पण मला घ्या. गणित मागून शिकतो.

"बाजारात आल्ता का तू? सरक बाजूला."

मी गज धरून शिव्या दिल्या. शिपायाने बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांना गाठलं. ते खाली बघत म्हणाले, "खरं सांगितलं असतं तर पोरं जालन्याला गेली असती. तुकडी बंद, माझी नोकरी बंद."

बाहेर अकरावीची नवी पोरं फॉर्म घेऊन उभी होती. मी ओरडून सांगितलं, गणित सोडू नका.

एकाने विचारलं, "मंग शिकवणार कोण, दादा?"

ती पोरं पुन्हा फॉर्म भरू लागली.